नाव चुकीचे आहे

भाऊबीजेला आत्या आली की तिच्या पिशवीत दोन गोष्टी ठरलेल्या, घाण्याच्या करडई तेलाची बाटली आणि कागद. तेल अण्णांसाठी, कागद माझ्यासाठी, कारण घरात कंप्युटरवर काम करणारा मी एकटा आणि तिच्या हिशेबानं पासबुकापासून लाइटबिलापर्यंत कुठलाही छापील कागद म्हणजे माझंच काम. २०२४ ची भाऊबीज होती. ओवाळून झालं, अण्णांनी ताटात पैसे टाकले, आणि मग आत्यानं चंचीतून चार घड्या घातलेली एक पावती काढली. एका कोपऱ्यात कातानं तांबूस झालेली, उघडली तर सुपारीचा वास. म्हणाली, "हे बघ बरं लेकरा. तिथल्या पोरानं माझं नाव टाकलं तर कंप्युटर म्हणला, नाव चुकीचंय. परत टाकलं, परत तेच म्हणला. मग त्यानंच कायतरी करून घेतलं बघ. सत्तर वर्षं झाली मला, माझं नाव चुकीचं कसं काय असंल?" रागानं म्हणाली नाही, रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती खरंच विचारत होती, तिला वाटत होतं की एवढी वर्षं आपण काहीतरी चुकीचं सांगत आलो की काय.

पावती शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासद नोंदणीची होती. पहिलं नाव आत्याचं. मधलं नाव: भ्र. आडनाव: मामांचं नाव, म्हणजे तिच्या मालकांचं. आपल्याकडं सातबाऱ्यावर बाईच्या नावापुढं भ्र. लागतं आणि गड्याच्या नावापुढं पि., भ्रतार आणि पिता, पुढं त्या माणसाचं नाव आणि झालं, आडनावाचा पत्ताच नसतो. आत्याचं नाव तिच्या दोन एकराच्या उताऱ्यावर असंच आहे, मामा गेल्यावर फेरफार झाला तेव्हापासून, आणि तिनं तो उतारा जसाच्या तसा त्या पोरापुढं ठेवला होता. तिच्याकडून एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं नव्हतं. पावतीच्या खाली बारीक अक्षरात सॉफ्टवेअरचं नाव होतं. ते आमच्या ऑफिसात बनलेलं सॉफ्टवेअर.

मी तिला म्हणलं, बघतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो, मांजरसुंब्याचा घाट उतरेपर्यंत डोक्यात तेच, संभाजीनगरला पोचल्यावर रूमवर बॅग टाकली आणि थेट ऑफिस. कोणती ओळ कुणी लिहिली ते बघायची सोय असते, बघितली.

तो नियम मी लिहिलेला होता.

२०२१ मधला. "नावात फक्त अक्षरं आणि स्पेस, तीन शब्द पाहिजेत." तेव्हा कुणीतरी नावाच्या रकान्यात मोबाइल नंबर टाकला होता, क्लायंटचा फोन आला होता, जेवायची वेळ झाली होती, मी दहा मिनिटांत ही ओळ लिहून टाकली आणि उठलो. भ्र. मधल्या टिंबाला त्या ओळीत जागा नव्हती. आणि हे झालं वेबच्या फॉर्मवर, इंग्रजी नावाचं. मोबाइल ॲपमध्ये देवनागरी नावासाठी दुसऱ्या कुणीतरी वेगळा नियम लिहिला होता, तो वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. युनिकोड म्हणजे कंप्युटरला सगळ्या लिप्या कळाव्यात म्हणून केलेली यादी, तिच्या हिशेबात 'ग' हे अक्षर आहे पण त्याला लागलेला काना अक्षर नाही, ते चिन्ह. वेलांटी चिन्ह, मात्रा चिन्ह, अनुस्वार चिन्ह, जोडाक्षर करणारा हलन्त पण चिन्हच. त्यामुळं 'फक्त अक्षरं' असा नियम लिहिला की 'कमल' पास होते आणि 'कमला' नापास. आत्याच्या नावात काना पण आहे आणि वेलांटी पण. म्हणजे त्या पोरानं आधी मराठीत टाकलं असणार, तिथं तिच्या वेलांटीला नाही म्हणलं, मग इंग्रजीत टाकलं, तिथं टिंबाला नाही म्हणलं, आणि मागं रांग वाढत चालली असणार, मग त्यानं टिंब उडवलं, भ्र ला मधलं नाव केलं आणि फॉर्म पुढं ढकलला. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्यापुढं दोनच रस्ते होते, खोटं लिहा नाहीतर बाईला परत पाठवा.

नियम, म्हणजे फॉर्म भरताना आत चालणाऱ्या तपासण्या, मी नोकरीला लागल्यापासून लिहितोय. पण हे नियम दोन जातीचे असतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. काही नियम बोटाला हटकतात आणि काही माणसाला हटकतात. आधार नंबरचं बघा, १२ आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या ११ आकड्यांवरून काढलेला असतो, व्हेरहोफ नावाच्या डच गणितज्ञानं १९६९ साली मांडलेली पद्धत आहे ती, एक आकडा चुकला तर पकडते, शेजारचे दोन आकडे उलटे पडले तरी पकडते. किती सभ्य नियम आहे हा. तो तुमच्यावर संशय घेत नाही, फक्त म्हणतो, बोट घसरलं वाटतं, परत बघा. बँकेच्या आयएफएससी कोडचं तसंच, ११ कॅरेक्टर, पहिली चार बँकेची अक्षरं आणि पाचवं कायम शून्य, आणि पोरं तिथं हमखास इंग्रजी ओ टाकतात, नियम लगेच सांगतो आणि कुणाचे तरी पैसे अडकायचे वाचतात. असे नियम मला मनापासून आवडतात. पण 'नाव तीन शब्दांचंच पाहिजे' हा नियम बोटाबद्दल काहीच बोलत नाही. तो माणसाला सांगतो की तू असा नसशील तर तू नाहीस.

यावरून अण्णांचा वाढदिवस आठवला. १ जून. आमच्या गावात अण्णांच्या वयाच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जून आहे, कुठल्याही गावात जाऊन विचारा. बहात्तर साली, ज्या वर्षी पुढं मोठा दुष्काळ पडला, आजोबा अण्णांना शाळेत घेऊन गेले. जन्माची नोंद कुठली असायला, गुरुजींनी अण्णांना उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावला. बोटं कानाला टेकली म्हणजे सहा वर्षं पूर्ण. टेकली. गुरुजींनी १ जून १९६६ लिहिलं आणि अण्णा त्या दिवशी जन्मले. अण्णा हे सांगताना अजून तसा हात घेऊन दाखवतात, साठी आली तरी. मला त्या गुरुजींचं कौतुक वाटतं, कारण त्यांच्याकडं नियम होता, नियम कशासाठी आहे ते त्यांना माहीत होतं, लेकरू चालत शाळेत येऊ शकतं का एवढंच त्यांना बघायचं होतं, आणि त्या नियमापायी त्यांनी कुणाला घरी पाठवलं नाही. आत्याला मात्र कुणी कान धरायला लावलाच नाही, ती शाळेत गेलीच नाही. तिच्या आधारवर १ जानेवारी आहे.

आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नियम होता: गाव एक, आडनाव एक, जन्मतारीख एक, म्हणजे डुप्लिकेट, अडवा. अर्धं गाव एका आडनावाचं आणि अर्ध्या गावाची तारीख १ जून. सख्खे चुलतभाऊ एकमेकांचे डुप्लिकेट ठरत होते.

एवढ्यात दुसरं प्रकरण झालं. नोव्हेंबर २०२४. सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ४,८९२ रुपये, बाजारात त्याहून कमी मिळत होता, म्हणून ज्याला त्याला हमीभाव केंद्रावर घालायचं होतं, पण तिथं हवा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. हवा म्हणजे ओलावा, मोंढ्यात मॉइश्चरला हवाच म्हणतात. मोंढ्यातली जुनी माणसं पोत्यात कोपरापर्यंत हात घालून चार दाणे काढतात, दाढेखाली धरतात, कट्‌ आवाज आला तर माल वाळलेला, दबला तर हवा आहे. आता कपात दाणे भरायचे आणि मीटरवर आकडा बघायचा. लांबलेल्या पावसानं दाण्यात ओल राहिली होती, १३, १४, लोक केंद्राच्या आवारात ताडपत्र्या टाकून माल हलवत बसलेले, तो सोयाबीनचा तुरट धुराळा घशात बसतो. मग महिन्याच्या मध्यात केंद्र सरकारनं त्या खरिपापुरती ओलाव्याची मर्यादा १५ टक्के केली. आमच्याकडं संध्याकाळी फोन आला, १२ चं १५ करा. केलं. मोबाइल ॲपमध्ये केलं, वेबवर केलं, सर्व्हरवर केलं. आणि रात्री जी एक्सेल फाइल अपलोड होते, तिच्या तपासणीत पण एक १२ बसला होता, तो कुणाच्या ध्यानातच नव्हता. एका शेतकऱ्याचा माल सकाळी १३.६ ला वजन झाला, ट्रॉली रिकामी करून माणूस घरी गेला, आणि रात्री यादीत त्याची ओळ लाल. तिथल्या ऑपरेटरनं काय केलं असेल? १३.६ खोडून १२ टाकला. परत तेच. नियमानं खरा आकडा नाकारला आणि खोटा आकडा मुकाट घेतला, आणि आता कागदोपत्री त्या माणसाचा माल होता त्यापेक्षा कोरडा आहे.

त्या आठवड्यात मी साहेबांना म्हणलं की हे सगळे नियम कोडमधून उपटून एका जागी आणायचे आहेत, मला वेळ द्या. नियम असे एका जागी ठेवून चालवणाऱ्या भागाला रूल इंजिन म्हणतात. इंजिन हा शब्द मोठा वाटतो. हे रूल इंजिन प्रकरण जुनं आहे, सत्तरच्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स फोर्जीनं रीटी नावाचा अल्गोरिदम काढला, हजारो नियम आणि एकातून दुसरा पेटणारा निष्कर्ष असेल तर त्याला तोड नाही. आमचे नियम मोजले तर शंभराच्या आत. त्यांना साधं एकामागून एक चालवणं पुरतं. अवघड काम दुसरंच होतं, नियम लिहायचा कसा आणि त्याच्यासोबत काय काय लिहायचं.

माझ्यासोबत परभणीची एक पोरगी होती, कॉलेजातून नुकतीच आलेली. आम्ही प्रत्येक नियम कोड म्हणून न लिहिता माहिती म्हणून लिहायचं ठरवलं, कशावर लागतो, अट काय, कधीपासून कधीपर्यंत, मोडला तर काय करायचं, मोडला तर शब्द काय दाखवायचे, आणि हा नियम कुणी सांगितला व कशासाठी. मग तीच एक फाइल वेब वाचणार, सर्व्हर वाचणार, रेंज नसलेल्या वस्तीवर मोबाइल पण वाचणार, आणि तिन्हीकडं उत्तर सारखंच येतं का ते बघायला उदाहरणांचा एकच गठ्ठा. अटींसाठी मोजके शब्द ठेवले, यादीत आहे, दरम्यान आहे, जुळतं, आणि, किंवा. व्हेरहोफसारखं गणित असेल तर त्याला नाव देऊन कोडमध्येच ठेवायचं आणि नियमात फक्त नाव घ्यायचं. साहेबांची लई इच्छा होती की क्लायंटला स्क्रीनवरच कसाही नियम लिहिता यावा, पण तसं करत गेलं की आपण नकळत एक नवीन प्रोग्रामिंग भाषा बनवतो, तीही वाईट, आणि ती दुरुस्त करायला परत आपल्यालाच बोलावतात. तिथं मी अडून बसलो.

एके दिवशी तिनं विचारलं, "सर, नाव रिकामं असंल तर नावाचा नियम पास म्हणायचा का नापास?" मी पटकन म्हणणार होतो नापास, आणि थांबलो. कारण रिकामं असणं हा वेगळाच प्रश्न आहे. 'पाहिजेच' हा एक नियम आणि 'असेल तर असं पाहिजे' हा दुसरा, दोन्ही एकात कालवले की ज्याच्याकडं आडनावच नाही त्याच्याकडून आपण काहीतरी वदवून घेतो. टिंब, डॅश, 'एनए', 'कुमार', आमच्या डेटाबेसमध्ये आडनावाच्या रकान्यात काय काय निघालं ते बघवत नव्हतं. म्हणून 'असेल तर असं पाहिजे' चा नियम रिकाम्यापुढं गप्प बसतो, आणि 'पाहिजेच' चा नियम जिथं खरंच पाहिजे तिथंच लावायचा. हे एवढंसं वाक्य आहे पण पूर्ण इंजिनमध्ये मला सगळ्यात जास्त त्याचं समाधान आहे, आणि ते तिच्या प्रश्नामुळं आलं.

तारखेचं पण तसंच खोल निघालं. नियम आजच्या तारखेनं तपासायचा का ज्या दिवशी गोष्ट घडली त्या तारखेनं? १३.६ चा माल ज्या दिवशी वजन झाला त्या दिवशी मर्यादा १५ होती, म्हणून तो पुढच्या वर्षी उघडून बघितला तरी बरोबरच राहिला पाहिजे, आणि ती मर्यादा त्या हंगामापुरतीच होती म्हणून नियमाला सुरुवात जशी लागते तसा शेवट पण लागतो. याद्यांना सुद्धा तारीख लागते हे आत्याच्याच कागदांनी शिकवलं. तिच्या सासऱ्याच्या खरेदीखतावर जिल्हा उस्मानाबाद आहे, गाव आता लातूर जिल्ह्यात, कारण लातूर १९८२ ला वेगळा झाला, आणि राहिलेल्या उस्मानाबादचं २०२३ मध्ये धाराशिव झालं. जालना १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. जिल्ह्यांची एकच यादी ठेवली तर मराठवाड्यातला कुठला ना कुठला खरा कागद खोटा ठरतोच. गाव तिथंच असतं, लिंबाचं झाड तिथंच असतं, जिल्हा फिरतो.

मग मोडला तर काय करायचं. आधी आमच्याकडं एकच उत्तर होतं, अडवा. आता तीन केली, अडवा, विचारा, आणि नुसतं नोंदवून ठेवा. आधारचा शेवटचा आकडा जमत नसेल तर अडवा. १ जूनचे दोन चुलतभाऊ असतील तर विचारा, "हे दोघं वेगळे आहेत का?" हो म्हणलं की पुढं. आणि नेट नसताना ज्याची खात्री करताच येत नाही त्याला पास पण म्हणायचं नाही आणि नापास पण, 'अजून माहीत नाही' म्हणून बाजूला ठेवायचं. जुने नियम भरताना 'कशासाठी' चा रकाना कितीतरी ठिकाणी रिकामा राहिला, ऑफिसात कुणालाच सांगता येईना. अशा नियमांची अडवायची ताकद काढून घेतली, महिनाभर नुसतं नोंदवायला लावलं. काहींनी महिन्याभरात एकही खरी चूक पकडली नाही, फक्त बरोबर माणसं पकडली. ते काढून टाकले. माझा तीन शब्दांवाला त्यातच गेला.

सगळ्यात जास्त वेळ कोडला लागला नाही, शब्दांना लागला. "नाव चुकीचे आहे" हे वाक्य मी २०२१ मध्ये विचार न करता लिहिलं होतं आणि ते एका म्हाताऱ्या बाईला भरल्या रांगेत मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं. आता आम्ही प्रत्येक संदेश एकमेकांना वाचून दाखवायचो, समोर आपली आजी उभी आहे असं समजून. बोलायचं ते कागदाबद्दल, माणसाबद्दल नाही. आणि पुढं काय करायचं ते त्यातच आलं पाहिजे. आणि सगळ्या चुका एकदम सांगायच्या, एक दुरुस्त केली की दुसरी असं करून माणसाला पाचदा उठाबशा काढायला लावायच्या नाहीत. नावाचा संदेश शेवटी असा झाला: "सातबाऱ्यावरचं आणि आधारवरचं नाव वेगळं दिसतंय. दोन्ही आहेत तशी ठेवली आहेत. कागद बघून खात्री करा."

मे महिन्यात ते चालू झालं. नवीन नोंदी नीट येऊ लागल्या. पण जुन्या? एका दुपारी मी डेटाबेसला विचारलं, मधलं नाव 'भ्र' असलेले सभासद दाखव. मला वाटलं आत्या आणि अजून दहावीस निघतील. स्क्रीनभर भ्र, खाली सरकवलं तरी भ्र, पानामागून पान, प्रत्येक ओळीत एक बाई आणि तिच्या मधोमध तेच अर्धं अक्षर. बहुतेक विधवा, कारण बाईच्या नावावर जमीन आपल्याकडं बहुतेक तेव्हाच येते. इंजिन याला काही करू शकत नव्हतं. भ्र उडवून टाकायची एक कमांड लिहिता आली असती, पण मग आडनावाच्या जागी नवऱ्याचं नाव उरतं आणि खरं आडनाव कुठून आणायचं, परत मीच अंदाजानं कुणाचं तरी नाव ठरवणार.

म्हणून यादी छापली आणि आम्ही दोघं रोज दुपारी जेवण झाल्यावर अर्धा तास फोन लावायला बसायचो. पहिला आत्याला लावला. तिनं विचारलं, "नवी पावती येईल का?" म्हणलं येईल. "मग जुनी फाडू का?" म्हणलं राहू दे माझ्याकडं दे. ती पावती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, काताचा डाग अजून आहे, वास गेला. नंतरचे फोन बहुतेक पोरं नाहीतर नातवंडं उचलायची, आवाज ओळखीचा नसल्यामुळं आधी बँकेचा फ्रॉड वाटायचा, मग कंपनीचं नाव, गावाचं नाव, गटसचिवांचं नाव सांगितल्यावर आजीला हाक मारायची. मागं कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी भांडी घासायलंय, आणि मग जवळ येणाऱ्या बांगड्या. औसा तालुक्यातल्या एका आजींनी फोन घेतला तेव्हा मी विचारलं, "मावशी, कागदावर तुमचं नाव कसं लिहू?" त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाल्या, "थांब, आत जाऊन सांगते," आणि दार ओढल्याचा आवाज आला, आणि मग त्यांनी हळू, एक एक शब्द सुटा करून, आधी माहेरचं नाव सांगितलं.